पगार त्यांचा, हिशेब आपला



गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. म्हसळ्याच्या एका भगिनीने तो अगदी सरळ विचारला आहे. त्या लिहितात, "मुलगा आयटीआय झाला. त्याचे मामू जेद्दात आहेत, व्हिसा काढून देतो म्हणतात. पण लोक म्हणतात सौदी आता पहिल्यासारखा राहिला नाही. तुम्ही तिथेच आहात. पाठवू की नको, खरे काय ते लिहा."

पाठवा किंवा पाठवू नका, असे एका ओळीत सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र 1998 पासून मी जेद्दात नोकरी करतो, पेशाने हिशेबनीस आहे. त्यामुळे या देशात काय बदलले आणि त्याचा आपल्या घरांच्या जमाखर्चावर काय परिणाम झाला, हे मांडू शकतो. ते वाचून प्रत्येकाने आपल्या घरापुरता निर्णय करावा.

बदल का झाला?

आपल्याकडे सुट्टीवर गेलो की कट्ट्यावर एक सूर ऐकू येतो. "अरबांनी आपल्याला वापरले आणि आता हाकलत आहेत." मला हा सूर पटत नाही. 2022 च्या जनगणनेप्रमाणे सौदीची लोकसंख्या सुमारे 3 कोटी 22 लाख आहे. त्यातले जवळजवळ 42 टक्के लोक परदेशी आहेत. उरलेल्या सौदी नागरिकांपैकी 63 टक्के तिशीच्या आतले आहेत. म्हणजे शाळा-कॉलेजातून बाहेर पडणारी लाखो मुले-मुली, आणि दुकानापासून दवाखान्यापर्यंत बहुतेक जागांवर बाहेरून आलेली माणसे. 2018 च्या सुमारास सौदी नागरिकांत बेकारी 12 टक्क्यांच्या वर गेली होती. अशा वेळी कोणतेही सरकार आपल्या मुलांची सोय आधी पाहणार. महाराष्ट्रात भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या म्हणून किती वर्षे आंदोलने झाली, ते आपल्याला ठाऊक आहेच.

याची सुरुवात 2011 मध्ये 'निताकात' योजनेने झाली. कंपनीत किती टक्के सौदी आहेत त्यावरून तिला हिरवा, पिवळा, लाल असा रंग मिळू लागला. लाल रंगाच्या कंपनीला नवे व्हिसे बंद. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले आणि तिजोरीला ओढ लागली. 2016 मध्ये 'व्हिजन 2030' जाहीर झाले. त्याच वर्षी मोबाइलच्या दुकानांत विक्री आणि दुरुस्तीची सर्व कामे सौदींसाठी राखीव झाली. 2018 मध्ये कपडे, फर्निचर, भांडी, घड्याळे, चष्मे, इलेक्ट्रॉनिक्स अशा बारा प्रकारच्या दुकानांवर अशीच बंधने आली. माझ्या पेशातही पाच किंवा जास्त हिशेबनीस असलेल्या कंपन्यांना किमान 30 टक्के सौदी हिशेबनीस ठेवण्याचा नियम झाला.

आपल्या भागातले कितीतरी लोक दुकानात सेल्समन म्हणून आले आणि त्यावर दोन पिढ्या जगल्या. तो दरवाजा आता जवळजवळ बंद आहे. ओळखीच्या माणसाने दुकानात लावून घ्यायचे आणि तिथेच काम शिकायचे, हा आपला जुना रस्ता होता. मामूंनी व्हिसा काढला तरी तो रस्ता आता पुढे जात नाही.

बिऱ्हाड कसे मोडले?

दुकानांपेक्षाही मोठा धक्का बसला तो बायका-मुलांना सोबत ठेवणाऱ्यांना. जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल शुल्क सुरू झाले. दर जुलैत ते 100 ने वाढत गेले आणि 2020 मध्ये 400 वर पोचले. हे पैसे इकामा नव्याने करताना आगाऊ भरावे लागतात.

हिशेब मांडून पाहा. बायको आणि तीन मुले, म्हणजे चार माणसे. 2017 मध्ये वर्षाचे 4,800 रियाल. 2020 पासून वर्षाचे 19,200 रियाल. महिना 6,000 रियाल पगार असलेल्या माणसाचे तीन महिन्यांहून अधिक कष्ट केवळ कुटुंब इथे ठेवण्याच्या परवानगीत जातात. घरभाडे, शाळेची फी आणि बसचे पैसे वेगळेच. त्यात जानेवारी 2018 मध्ये 5 टक्के व्हॅट आला आणि जुलै 2020 मध्ये तो थेट 15 टक्के झाला. पगार मात्र जिथे होता तिथेच होता.

त्या दोन-तीन वर्षांत जेद्दाच्या अझिझिया, शरफिया भागांतली किती भारतीय बिऱ्हाडे मोडली ते मी पाहिले. दर आठवड्याला कोणाचा तरी फ्रिज, कोणाचा सोफा विकायला निघे. बाया-मुले फायनल एक्झिटवर गावी गेली आणि पुरुष पुन्हा एका खोलीत चौघे असे राहू लागले. चाळिशी-पन्नाशीची माणसे, मधुमेह आणि रक्तदाब असलेली, स्वतः डाळ-भात शिजवून खाऊ लागली. आता बरेच जण कुटुंबाला व्हिजिट व्हिसावर काही महिने आणतात. त्यावर हे मासिक शुल्क लागत नाही आणि भेट होते, उमरा होतो. पण ती पाहुण्यांची सोय आहे. त्यावर मुलांची शाळा आणि घरची घडी बसत नाही.

जी मुले इथल्या भारतीय शाळेत आठवी-नववीपर्यंत शिकली, त्यांना अचानक खेड, दापोली, महाडच्या वर्गात बसावे लागले. मराठी लिहिता येत नाही, गावातल्या मुलांशी जुळत नाही, आणि बाप व्हिडिओ कॉलवर. ज्या भाभींनी पंधरा वर्षे इथे स्वतःचा संसार केला, त्या पुन्हा सासरच्या मोठ्या घरात आल्या. दर खर्चाला दिराकडे हात पसरणे त्यांना जड गेले. ही कुरबूर आपण घरात दाबून ठेवतो. माझे म्हणणे असे की, बाहेर असलेल्या प्रत्येकाने घरखर्चाचे पैसे थेट पत्नीच्या खात्यात पाठवावेत आणि आई-वडिलांचे वेगळे त्यांच्या खात्यात. एवढ्या साध्या गोष्टीने अनेक घरांतली भांडणे कमी झालेली मी पाहिली आहेत.

रियाल मोठा दिसतो, पण किती?

सौदी रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 या दराने बांधलेला आहे. त्यामुळे रुपया घसरला की आपल्याला पगारवाढ झाल्यासारखे वाटते. 2000 साली एका रियालचे सुमारे 12 रुपये येत. 2025 च्या सुरुवातीला सुमारे 23 येत होते. त्या काळी 1,500 रियाल कमावणारा घरी 18,000 रुपयांचा धनी होता. गावात तेव्हा एवढे उत्पन्न थोड्यांचेच होते. 2025 च्या सुरुवातीच्या दराने त्याच 1,500 चे साडेचौतीस हजार होतात. पण त्यातून तो इथे जेवणार, फोन करणार, दोन वर्षांनी सुट्टीला जाताना सगळ्यांसाठी बॅग भरणार. हाती वीस-बावीस हजार उरले तर नशीब.

आज मुंबई-पुण्यात चांगला ड्रायव्हर, एसी दुरुस्तीचा कारागीर, वायरमन एवढे मिळवतो आणि रात्री घरी झोपतो. म्हणून कमी पगाराच्या कामासाठी सौदीला येण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कौशल्याच्या कामाचे गणित वेगळे आहे. प्रमाणपत्र असलेला वेल्डर, मोठ्या यंत्रांचा ऑपरेटर, नर्स, इंजिनिअर, सुरक्षा अधिकारी यांना आजही मागणी आहे. इथे मेट्रो, विमानतळ, वीज प्रकल्प, नवी शहरे यांची कामे चालू आहेत. ज्याच्या हातात पारखलेली विद्या आहे त्याने यायला हरकत नाही.

देशात येणाऱ्या पैशाचे चित्रही हेच सांगते. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत परदेशातून भारतात आलेल्या रकमेत आखाती देशांचा वाटा सुमारे 38 टक्के निघाला. 2016-17 मध्ये तो निम्म्याच्या आसपास होता. एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास 28 टक्के आहे. आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त रक्कम महाराष्ट्रात आली, 20 टक्क्यांहून अधिक. पैसा शिक्षणाच्या मागे चालला आहे. आपली मुले दहावीनंतर पासपोर्टच्या मागे धावत राहिली, तर या पैशातला आपला वाटा कमी होत जाईल.

सौदीचा दाखला कोणता द्यायचा?

आता एका सामाजिक बदलाविषयी लिहितो, कारण त्याचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. मी आलो तेव्हा दुकानात, कार्यालयात सौदी स्त्री दिसत नसे. जून 2018 मध्ये स्त्रियांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली. आज सुपरमार्केटच्या काउंटरवर, बँकेत, विमानतळावर पासपोर्ट तपासायला सौदी मुली बसतात. हिजाब घालून, आत्मविश्वासाने काम करतात. व्हिजन 2030 मध्ये नोकरी-व्यवसायात स्त्रियांचा वाटा 30 टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते. ते मुदतीच्या कितीतरी आधी ओलांडले गेले.

या देशात झालेले सगळेच बदल मला आवडले असे नाही. इथले जुने लोकही काही गोष्टींवर नाराज असतात. परंतु एक गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. आमच्यासारख्या परदेशातल्या माणसांनी वर्षानुवर्षे सुट्टीवर येऊन "सौदीत बायका बाहेर पडत नाहीत, तुम्ही कशाला मुलीला तालुक्याच्या कॉलेजात पाठवता?" असे सांगितले. त्या शब्दाला वजन होते, कारण तो शब्द हरमच्या शेजारून आलेला होता आणि त्यामागे रियाल होते. कित्येक मुलींचे शिक्षण त्या एका वाक्यावर थांबले. आज त्याच देशातल्या मुली डॉक्टर आणि वकील होत आहेत. तेव्हा मुलीला थांबवायचे असेल तर निदान सौदीचे नाव पुढे करू नका. एखाद्या देशाचा रिवाज हा त्या देशाचा रिवाज असतो. त्याला दीन समजण्याची गल्लत आपल्या समाजात बरीच झाली आहे.

ज्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही

माझ्यासारख्या कार्यालयात बसणाऱ्याचे सौदी वेगळे आणि उन्हात काम करणाऱ्याचे वेगळे. 2016 च्या उन्हाळ्यात काही मोठ्या बांधकाम कंपन्यांचे पगार महिनोन्महिने थकले. हजारो भारतीय कामगार कॅम्पात अन्नावाचून अडकले. भारताच्या वकिलातीने शिधा पोचवला, दिल्लीहून मंत्री आले, इथल्या भारतीयांनी भांडी लावून जेवण शिजवले. पुष्कळ जण पगार बाकी ठेवूनच गावी परतले. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, अशी शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या लोकांना ते पाहणे फार कठीण गेले.

तेव्हापासून कायदे सुधारले आहेत, हेही सांगितले पाहिजे. पगार बँकेतूनच देण्याची सक्ती आहे आणि त्यावर सरकारी नजर असते. मार्च 2021 पासून खासगी कंपनीतील कामगार काही अटींवर कफीलच्या संमतीशिवाय नोकरी बदलू शकतो आणि सुट्टीचा एक्झिट-रीएंट्री स्वतः मोबाइलवरून काढू शकतो. पण घरातला ड्रायव्हर, मोलकरीण, माळी, शेतावरचा मजूर यांना या सुधारणेतून वगळले गेले. त्यांचा दिवस आजही मालकाच्या स्वभावावर अवलंबून असतो. "शेखच्या घरी ड्रायव्हर, राहणे-जेवणे फुकट" असा व्हिसा आला की गावात पेढे वाटतात. मी म्हणेन, सगळ्यांत जास्त चौकशी त्याच व्हिसाची करा.

आणखी एक सांगतो. आपणही इथे आपल्यापेक्षा खालच्याशी नेहमी बरे वागतो असे नाही. एकाच कामाचा पगार इथे पासपोर्ट पाहून ठरतो, अशी तक्रार आपण रोज करतो. पण बांगलादेशी सफाई कामगाराशी आपले लोक ज्या भाषेत बोलतात, ती ऐकून मान खाली जाते. ज्या अन्यायाविरुद्ध बोलायचे, तोच आपल्या हातून खाली सरकवायचा, याला काय म्हणावे?

म्हातारपणाचे काय?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकांना परतण्याच्या वर्षी कळते. सौदीत परदेशी कामगाराला पेन्शन नाही. इथल्या सामाजिक विम्यात आपल्यासाठी फक्त कामावरच्या अपघाताचे आणि आजाराचे संरक्षण असते. तीस वर्षे राबलात तरी नागरिकत्व नाही. कायमचा राहण्याचा परवाना 2019 पासून मिळतो, पण सुरुवातीला त्याची किंमत 8 लाख रियाल ठेवली गेली. तो आपल्यासाठी नव्हे.

हाती येते ती नोकरी संपतानाची एकरकमी रक्कम, जिला आपण 'सर्व्हिस' म्हणतो. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार आणि त्यापुढे वर्षाला एक पगार, तोही शेवटच्या पगाराच्या दराने. समजा, शेवटचा पगार 4,000 रियाल आणि नोकरी वीस वर्षे. पहिल्या पाच वर्षांचे 10,000, पुढच्या पंधरा वर्षांचे 60,000, एकूण 70,000 रियाल. म्हणजे 2025 च्या सुरुवातीच्या दराने साधारण 16 लाख रुपये. स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, दहा वर्षांपर्यंत दोन तृतीयांश आणि दहा वर्षे पूर्ण झाल्यावर सगळे. रागाच्या भरात नऊ वर्षे आणि दहा महिन्यांनी राजीनामा देणारे मी पाहिले आहेत.

16 लाखांत आज काय होते? एका मुलीचे लग्न आणि घराची दुरुस्ती. संपले. आणि आपली घरे तर पाहा. मंडणगडपासून श्रीवर्धनपर्यंत दुमजली बंगले उभे आहेत. संगमरवर, मोठे जिने, वर चार खोल्या, आणि राहायला एकट्या अम्मी. कमाईतला मोठा हिस्सा त्या भिंतींत गेला आणि भिंती महिन्याला एक रुपया देत नाहीत. उलट रंगाचा, वीजबिलाचा, राखणीचा खर्च मागतात. घर बांधू नका असे मी म्हणत नाही. राहण्यापुरते बांधा. दुसरा मजला चढवायच्या पैशात तालुक्याच्या बाजारात एखादा गाळा घेता येतो, ज्याचे भाडे साठीनंतरही येत राहील. व्याज टाळणाऱ्यांना बँकेतली ठेव नको असते. त्यांच्यासाठी शरियतच्या नियमांनुसार कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड भारतात आहेत. पण तिथे भाव वर-खाली होतात, हे समजून आणि जाणत्या माणसाला विचारूनच पैसे घालावेत.

मग पाठवायचे की नाही?

म्हसळ्याच्या भगिनींनी मुलाला पाठवायचे ठरवलेच तर मामूंना आधी तीन गोष्टी विचाराव्यात. व्हिसा कोणत्या कंपनीचा आहे, व्हिसावर कोणते काम लिहिले आहे आणि लेखी करारात मूळ पगार किती आहे? "आझाद व्हिसा आहे, आल्यावर काम शोधू" असे उत्तर आले तर तिथेच थांबावे. व्हिसा एकाचा आणि काम दुसरीकडे, हे इथे बेकायदा आहे. पकडले तर दंड, तुरुंग आणि घरी रवानगी. मालकाने 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, तर मुलगा काहीही न करता गुन्हेगार ठरू शकतो.

एजंटमार्फत जायचे असेल तर तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहावे. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणाऱ्याला ते कशाचे, ते लेखी विचारा. निम्मे एजंट तिथेच गप्प होतात. दागिने गहाण ठेवून तर कोणी पाठवूच नये. मुलगा दहावी झालेला नसेल तर त्याचा पासपोर्ट इमिग्रेशन तपासणीच्या वर्गातला असतो. त्याच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे, दोन-तीन वर्षांचा हप्ता काही शे रुपये आणि अपघाती संरक्षण 10 लाखांचे. एवढी स्वस्त गोष्ट कोणीही चुकवू नये.

आयटीआय झालेला मुलगा असेल तर मी सांगेन, आधी दोन वर्षे भारतात त्याच कामाचा अनुभव घेऊ द्या. जोडीला इंग्रजी आणि कामापुरती अरबी शिकू द्या. मग तो सेल्समन किंवा घरचा ड्रायव्हर म्हणून न येता कारागीर म्हणून येईल आणि पगाराची बोलणी स्वतः करील. येतानाच किती वर्षांनी परतायचे ते ठरवून यावे. दहा वर्षे म्हटले तर दहा. "आणखी दोन वर्षे" करता करता आमच्या पिढीची पंचवीस गेली. मुलांचे बालपण आम्ही फोटोत पाहिले, आणि काहींना आई-वडिलांच्या जनाजाला खांदाही देता आला नाही.

या देशाने आम्हाला रोजी दिली, हज आणि उमरे घडवले, त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी आम्हाला कामासाठी बोलावले होते आणि कामाचे पैसे दिले. पुढची पन्नास वर्षेही असेच चालेल असे वचन कोणी दिले नव्हते. ते आपणच गृहीत धरले. म्हणून ज्या घरांत अजून रियाल येत आहेत, त्यांनी या महिन्यात एकदा नवरा-बायकोने फोनवर का होईना, वही घेऊन बसावे. दर महिना किती येतात, किती उरतात आणि ते उद्या थांबले तर घर किती महिने चालेल, हे तीन आकडे लिहून काढावेत. तिसरा आकडा बाराच्या खाली असेल तर वरचा मजला, नवी गाडी, मोठे लग्न हे सगळे इन्शाअल्लाह नंतर. आधी तो आकडा वाढवा.

पुढच्या अंकात परतलेल्या लोकांनी गावात काय काय उद्योग केले, कोणते चालले आणि कोणते बसले, त्याविषयी लिहीन. वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.